एकवीस जीबी

सोमवार, २ सप्टेंबर

एकवीस जीबी! आणि या अपडेटने गेममध्ये बदललं काय? काहीही नाही. सकाळी कामावर जायच्या आधी बुरुजाचे चढून झालेले सगळे मजले पालथे घातले. नवीन दार नाही, नवीन हत्यार नाही, एक मशालसुद्धा जागची हललेली नाही. कंपनीने खाली एका ओळीत लिहिलंय – ‘किरकोळ सुधारणा’. किरकोळ म्हणे! किरकोळ सामानाला कुणी ट्रक पाठवतं का?

हा गेम मी आणि ठिपकीने एकाच दिवशी घेतला. कॉलेजचं दुसरं वर्ष. दोघांनी मिळून एक बुरूज चढायचा, एवढाच खेळ. तेव्हा तो अठ्ठेचाळीस जीबी होता. मी कॉलेज सोडलं, तो मात्र वाढत राहिला. आजच्या एकवीससकट दोनशे तेहतीस. (‘तू कॉलेजात राहिला असतास तर तुझीही थोडी वाढ झाली असती’ – ताई. तिला कुणी विचारलं नव्हतं.)

माझा संशय साधा आहे. हे लोक मुद्दाम फुगवतात. डिस्क भरून टाकली की दुसऱ्या कुणाचा गेम आत शिरायलाच नको. बसमध्ये पाय फाकवून बसणारी माणसं असतात ना, तसं. आणि एकदा काढला की परत उतरवायला दोन दिवस. मग काढतो कोण? जागा अडवून बसला तो घरचाच झाला!

कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर हे मास्तरांना सांगितलं. ते एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते. म्हणाले, “बरं. कर तक्रार. पण आधी तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर दे.”

बुधवार, ४ सप्टेंबर

आज डिस्क भरून न्यायला अकरा जण. घरच्या लाइनवर एवढाले गेम उतरत नाहीत, म्हणून लोक गिरणीत दळण ठेवावं तशी सकाळी डिस्क ठेवतात आणि संध्याकाळी भरून नेतात. सगळ्यांची एकच रड – मावत नाही हो! काय काढू ते सांगा.

आणि इथे मास्तरांचा नियम आडवा येतो. मास्तर म्हणजे आमचे मालक. आधी याच दोन खोल्यांत टायपिंगचा क्लास चालवायचे, नाव तिथून चिकटलं. नियम असा: माप बघायचं, आत बघायचं नाही. कुठला फोल्डर किती मोठा आहे ते गिऱ्हाईकाला दाखवायचं. उघडायचा नाही. काही काढायचं असेल तर चिठ्ठीवर गिऱ्हाईकाची सही. “हमाल पेटीचं वजन बघतो. कुलपाला हात लावत नाही,” इति मास्तर.

मला पहिल्या दिवसापासून हे पटलं नाही. पण पाळतो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

ठिपकी आज सातला आली नाही. म्हणजे गेममध्ये. आमचं रोज सात ठरलेलं – ती तिच्या घरून, मी माझ्या घरून, कानात इअरफोन. तास-दीड तास. ‘डावीकडे बघ’, ‘थांब ना’, ‘अरे मेलास!’ – एवढंच बोलतो आम्ही. पण दिवसभर मी तेवढ्यावरच चालतो.

ती सगळ्यात छोटं पात्र घेते म्हणून ठिपकी. मी ऐकायच्या आत भडकतो म्हणून तिच्या लेखी तडतड्या. आमच्या दुकानाच्याच वर दातांचा दवाखाना आहे, तिथे समोरच्या टेबलावर बसून पेशंटांचे नंबर लावते.

तिला अजून काही बोललेलो नाही. ठरवलं होतं, बुरुजाच्या शेवटच्या मजल्यावर पोचलो की बोलायचं. आणि हे हरामखोर दर दोन महिन्यांनी वर एक मजला चढवतात!

शनिवार, ७ सप्टेंबर

आजही नाही. दुपारी जिन्यात भेटली. विचारलं. “दमते रे हल्ली.” कशाने दमते? बसून असते दिवसभर!

घसा धरून बोलत होती. कोमट पाण्याची बाटली हातात. सर्दी झाली म्हणाली. नाक तर अगदी मोकळं होतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

ती लॅपटॉप घेऊन खाली आली. डिस्क भरली. मापं काढून दाखवली तिला – तिची डिस्क मीच बसवलेली, तिचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. बुरूज दोनशे तेहतीस. फोटो, गाणी, किरकोळ. आणि एक फोल्डर, नाव काय, तर नुसता एक टिंब. एकशे अठरा जीबी! मागच्या वेळी हा नव्हता.

“हे काय?”

“कामाचं आहे. त्याला हात नको लावूस.”

“मग काय काढू?”

“बुरूज काढ.”

ती घाईघाईने म्हणाली, “तात्पुरता रे. असं तोंड नको करूस.”

“दवाखान्यात नंबर लावायला एकशे अठरा जीबी लागतात?”

“एक्स-रे आहेत,” आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. खोटं सापडलं की माणूस आधी हसतो.

चिठ्ठीवर सही केली तिने – ‘बुरूज काढावा’. अक्षर नेहमीसारखं गोल. उतरवायला दोन दिवस लागतात. काढायला तीन मिनिटं लागली. शेजारी उभं राहून पट्टी सरकताना बघत होती. जाताना म्हणते, “सत्तावीस तारखेला मोठा अपडेट आहे. तू मात्र घे हं तो. कंपनीला शिव्या देत बसू नकोस. घे आणि पहिल्या मजल्यापासून परत सुरू कर.”

स्वतःचा काढला, आणि मला सांगते घे! एकट्याने काय करू पहिल्या मजल्यावर? आणि तारीख हिला कशी माहीत? गेमच्या ग्रुपवर तर कुणालाच नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

एक्स-रे नाहीत. वरच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचं बॅकअप मीच घेतो. आजच माप बघितलं. अख्ख्या गावाचे दात मिळून चौदा जीबी भरतात.

गुरुवार, १२ सप्टेंबर

जे बघितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. नंतर मीच म्हणेन की तापलेल्या डोक्याने बघितलं.

साडेसहाला दवाखाना बंद झाला. ती घराच्या दिशेला वळली नाही. मी मागे. (हो, मागे गेलो. लाज वाटली. तरी गेलो.) कपड्यांच्या दुकानामागची गल्ली, तिथे एक जुनी दुमजली इमारत. खाली गोदाम, बाजूने लोखंडी जिना. जिन्यापाशी एक माणूस उभा – उंच, मान पुढे काढलेली. उंटच! आणि त्या उंटाच्या शेजारी भिंतीला टेकवलेली एक गादी.

गादी!

पुढचं टोक त्याने धरलं, मागचं तिने. वर चढवायला लागले. मध्ये अडकली, तेव्हा ती एवढी हसली की जिन्यावरच बसली. वर गेले. दार लागलं. खिडकीला आतून काहीतरी लावलेलं होतं, उजेडाची रेघसुद्धा बाहेर येईना. आवाज नाही. पाऊण तास थांबलो. एवढ्या जुन्या इमारतीतून खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा येऊ नये?

पायात गोळे आले. घरी आलो, जेवलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

ताईशी वाजलं. निमित्त कॉम्प्युटरचं. बाबांचे ऑफिसातले जुने कागद स्कॅन करून ठेवले होते, ते मी गेल्या महिन्यात पेनड्राइव्हवर टाकून बुरुजाला जागा केली होती. बाबा शांतपणे म्हणाले, “बत्तीस वर्षांची नोकरी माझी. नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये बसली. आणि तुझा खेळ अख्ख्या घरात मावत नाही.” मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. ताईने मात्र धरून ठेवलं.

“तुझं बिनसलंय कशावरून? ती वरची पोरगी ना?”

“तू मध्ये पडू नकोस.”

“सरळ विचार की तिला.”

“विचारलं की लोक खरं सांगतात?”

“तू विचारतोस कुठे? तू उलटतपासणी घेतोस. कुणी खरं असलेलंही विसरेल!”

दार आपटून बाहेर गेलो. परत आलो तर दाराची कडी निखळली होती. ती बसवत बसलो.

सोमवार, १६ सप्टेंबर

घाईत लिहितोय. अक्षर बघ.

तिचा लॅपटॉप परत आला. चार्जिंगची पिन सैल. संध्याकाळपर्यंत दे म्हणाली, देऊन वर गेली. पिनचं काम पंधरा मिनिटांचं. सुरू करून बघितला. टिंब आता एकशे एकतीस! आठवड्यात तेरा जीबी वाढ. माझ्या बुरुजाने रिकामी केलेली जागा कोण खातंय?

मास्तर दाढ दुखते म्हणून वर गेले होते, डॉक्टरांकडे. दुकानात मी एकटा.

उघडला.

आत शेकड्यांनी फाइली. नावं नाहीत, नुसते आकडे. एकीवर बोट ठेवलं. आठ सेकंद.

तिचा आवाज. पण तसा आवाज मी कधी ऐकला नाही. हळू, जवळून, खाली उतरलेला – “किती उशीर केलास. ये. दार तुझ्यासाठी उघडं ठेवलंय मी.”

जिन्यावर मास्तरांची चप्पल वाजली. बंद केला. पण त्याआधी ती फाइल माझ्या फोनमध्ये घेतली होती. का घेतली? पुरावा. ती ‘नाही’ म्हणेल ना, तेव्हा समोर धरायला.

मास्तर आले, गाल सुजलेला. तोंडात कापूस. खुणेनेच विचारलं, झालं का? म्हटलं झालं. त्यांच्या डोळ्यात बघता आलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

‘दार तुझ्यासाठी उघडं ठेवलंय मी.’ कुणासाठी? उंटासाठी. आणि माझ्यासाठी ‘डावीकडे बघ’ आणि ‘अरे मेलास’.

दिवसभर ऐकली. आठ सेकंद. एका जीबीत अशा हजार मावतील. आणि माझ्या अख्ख्या छातीत ही एक मावत नाहीये.

दुपारी जिन्यात भेटली. मी मान फिरवली. ती म्हणाली, “ओ तडतडे! काय झालं?” मी म्हटलं, “तुला माहीत.” तिने खरंच न कळल्यासारखं तोंड केलं. किती छान जमतं तिला! नाटकात जायला हवं.

सहा वाजता फाइल टाकली बुरुजाच्या ग्रुपवर. दोनशे बारा जण आहेत. खाली लिहिलं – ‘दोन वर्षं एकत्र चढलो. आता हिने दार दुसऱ्याला उघडलंय. ऐका.’

टाकली आणि फोन बंद केला. आता जरा बरं वाटतंय.

नाही. बरं वाटत नाहीये.

बुधवार, १८ सप्टेंबर

सकाळी फोन सुरू केला. चारशे निरोप. वाटलं होतं, कुणी म्हणेल जाऊ दे रे, कुणी तिला नावं ठेवेल. तसलं काहीच नाही! सगळे नाचत होते.

‘अरे ही तर दारवाली!!’

‘पहिला मजला! तिचंच वाक्य! आपल्या भाषेत!’

‘भावा, तुला मिळालं कुठून? बुरूज आपल्या भाषेत येतोय??’

एकाने तर पहिल्या मजल्याचं दृश्य घेऊन त्यावर माझी फाइल चढवली होती. दारवाली बाई पडद्यावर ओठ हलवते आणि आवाज ठिपकीचा. ओठ बरोब्बर जुळत होते. शेवटच्या ‘मी’पर्यंत.

हे मला कसं कळलं नाही? मी त्या दारातून सहाशे वेळा गेलोय! सहाशे वेळा ती बाई तोंड उघडते आणि मी बटण दाबून पुढे पळतो. ठिपकी दरवेळी म्हणायची – ‘अरे, बोलू दे ना तिला. एकदा तरी ऐक काय म्हणते.’ मी म्हणायचो, काय म्हणणार, दार उघडलंय म्हणेल, दिसतंय की उघडलेलं.

गेम लावला. दारापाशी गेलो. बटणाला हात लावला नाही. ती बोलली – परक्या भाषेत, कंपनीच्या कुठल्या तरी बाईच्या आवाजात. खाली अक्षरं उमटली. उशीर. ये. दार. तेच.

फाइल पुसायला गेलो तोवर ती बाहेर गेली होती. दुसऱ्या ग्रुपवर, तिसऱ्या ग्रुपवर, गेमच्या बातम्या देणाऱ्या एका पानावर. जिथे सापडली तिथे ‘काढा, कृपा करून काढा’ लिहिलं. लोकांना वाटलं मी भाव खातोय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

ती खाली आली. मास्तर होते. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. ती काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “माझी चिठ्ठी दाखव.”

“कसली?”

“टिंब उघडावा म्हणून मी सही केलेली. दाखव ना.”

मास्तरांनी हातातलं काम खाली ठेवलं.

मग तिने सांगितलं. रडत नव्हती, हळू बोलत होती, त्यामुळे सगळं ऐकावं लागलं. एक एक शब्द. गेल्या चार महिन्यांपासून बारा जण त्या गोदामाच्या वर आवाज देतायत. आपल्या भाषेत पहिल्यांदाच एवढा मोठा गेम. कंपनीने सगळ्यांकडून लिहून घेतलंय – तारखेआधी एक शब्द बाहेर गेला तर काम रद्द. घरीसुद्धा सांगायचं नाही. तिच्या आईलाही वाटतं ती दवाखान्यात जादा बसते. ऐकून कुठलं वाक्य चांगलं जमलंय ते निवडायला दृश्यं आणि आवाज घरी दिलेले, प्रत्येक वाक्य वीस-वीस वेळा. तेच टिंब. भिंतींना गाद्या ठोकतात – म्हणजे ती गादीही त्यासाठीच. आवाज घुमतो म्हणून.

“आणि तू रोज शिव्या घालत होतास ना, त्या एकवीस जीबीला? आमचेच आवाज आहेत ते. वरच्या मजल्यांचं काम अजून चालू होतं, पण झालेले आधीच पाठवून ठेवलेत सगळ्यांकडे, कुलूप लावून. सत्तावीसला फक्त कुलूप काढायचं होतं. सतरा दिवस झाले, मी तुझ्या घरात आहे. तू म्हणत होतास, काय भरलंय कळत नाही.”

मी म्हटलं, “मला काय माहीत?”

खरंच हे म्हणालो मी! एवढं सगळं ऐकून हे तोंडातून निघालं!

“हो ना,” ती म्हणाली. “तुला माहीत नव्हतं. तरी पाठवलंस.”

जिन्यावरून तिची पावलं वर गेल्यावर मास्तरांनी काम परत हातात घेतलं. मग म्हणाले, “पिनचं काम चांगलं केलं होतंस.” बस. एवढंच.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मास्तरांनी काढून टाकलं नाही. माझा स्टूल दुरुस्तीच्या टेबलावरून उचलून काउंटरमागे ठेवला. गिऱ्हाईक आलं की चिठ्ठी लिहायची, डिस्क आत द्यायची. मशीनला हात लावायचा नाही. “किती दिवस?” विचारलं. “मला विचारून उपयोग नाही,” म्हणाले. “मी रोज सकाळी आल्यावर मलाच विचारीन. ज्या दिवशी हो येईल, त्या दिवशी सांगतो.”

सुजलेला गाल अजून तसाच आहे. वर डॉक्टरांकडे पुन्हा जायचंय त्यांना. मला दुकानात एकटं ठेवून जात नाहीत.

रविवार, २२ सप्टेंबर

कंपनीला पत्र लिहिलं. तीन तास लागले. आधीची दोन फाडली – एकात मी त्यांच्या मापाची तक्रार करायला लागलो होतो! शेवटी जे लिहिलं ते असं: फाइल तिने दिलेली नाही. मी दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमधून चोरली. दुकानाचा नियम मी मोडला. तिला माहीत नव्हतं. शिक्षा करायची तर मला करा, आणि बाकीच्या अकरा जणांचा तर कशाशीच संबंध नाही. खाली माझं नाव, दुकानाचा पत्ता, सही.

ताईला वाचायला दिलं. तिने परत देताना काही टोमणा मारला नाही. तेव्हा कळलं प्रकरण किती वाईट आहे ते.

पाठवल्यावर एका मिनिटात उत्तर – ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मशीनचं उत्तर.

ठिपकीला लिहिलं – कंपनीला सगळं कळवलंय. माफ कर असं लिहिलं नाही. लिहिलं होतं, पुसलं. ती करेल की नाही हा तिचा प्रश्न; मी आत्ताच मागून तिच्या अंगावर अजून एक काम कशाला टाकू?

तिने वाचलं. उत्तर नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

उंट दुकानात आला! मी उभाच राहिलो. वाटलं, मारतो आता. मारावं असंही वाटलं.

“वायर आहे का? मायक्रोफोनची. लांब.”

दिली. हात पुढे आला तो भलामोठा, आणि आवाज – बापरे! भिंतीतून यावा तसा. जवळून बघितलं तर माझ्यापेक्षा फार मोठा नाही. वायर बघत म्हणाला, “तूच का तो?”

“हो.”

“सातव्या मजल्यावरचा राक्षस मी आहे. आपल्या भाषेतला. मरताना काय ओरडतो माहितीये? तीन दिवस घसा बसला होता माझा त्या ओरडण्याने.” मग जरा हसला. “तू ऐकलं नसणार म्हणा. तू पळतोस ना बटण दाबून. ती सांगायची.”

म्हणजे ती तिथेही माझ्याबद्दल बोलायची.

विचारलं, कंपनी काय म्हणते? “काही म्हणत नाही. तेच तर. तुझं पत्र पोचलं म्हणतात, वाचलं म्हणतात. आम्ही बारा जण फोनकडे बघत बसलोय. आमची दारवाली तर दोन दिवस आलीच नाही तिकडे. तिला कुणी काही बोललं नाही रे. पण कुणी काही बोललं नाही हेच तिला –” आणि वाक्य सोडून दिलं. “वायर अजून लागेल की नाही माहीत नाही. पण घेऊन ठेवतो.”

चिठ्ठी लिहिताना त्याचं नाव विचारलं. सांगितलं. साधं नाव आहे. उंट लिहिणार नाही यापुढे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

उद्या. वरच्या दवाखान्यात तिच्या जागेवर डॉक्टरांची बहीण बसली होती.

आज पहिल्या मजल्यापासून एकट्याने चढलो. एकही बटण दाबलं नाही. सगळ्यांचं सगळं ऐकलं – दारवालीचं, विहिरीवरच्या माणसाचं, राक्षसाचं. अकरा भाषा आहेत आत, त्यातली एकही माझ्या घरी बोलत नाहीत. तरी बऱ्यापैकी समजलं. चार तास लागले. आम्ही हेच चाळीस मिनिटांत चढायचो. प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, उद्या. उद्या तुम्ही नीट बोलाल.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

अपडेट आला. ग्रुपवर दिवाणे झालेत सगळे – गेम पहिल्यांदाच हलका झाला! दोनशे तेहतीसचा दोनशे बारा. बरोबर ते एकवीस गेले. कारण एका ओळीत: ‘न वापरलेला भाग काढून टाकला आहे.’

मला विचारतोय – घेणार का? घेतल्याशिवाय यापुढे खेळता येणार नाही.

‘नको’ दाबलं.

आता तो उघडत नाही. कधीच उघडणार नाही. दोनशे तेहतीस जीबी, तिच्या आवाजासकट, भरलेला. बाबांना सांगितलं, एवढी जागा राहू द्या.